चिऊला, तुझ्या धरणाच्या प्रोजेक्टबद्दल

चिऊ बेटा,

काल तू म्हणाली की सेमिनारला वैनगंगा खोऱ्यातलं सिंचन अन् वीज हा विषय घेतला, बाबा वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाबद्दल काय सांगता, अन् तेवढ्यात नेटवर्क गेलं. तसंही हे फोनवर होण्यासारखं नाही म्हणून रात्री बसून टाईप करतोय, शुद्धलेखन काढत बसू नको. 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, तेव्हाचा खर्च 372 कोटी, अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं, 2009 ला राष्ट्रीय प्रकल्प झाला अन् खर्च पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला, हे तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्याच पीपीटीत येईल. मला दुसरंच सांगायचं आहे. धरणात पाणी एकच असते, मागणारे तीन असतात, अन् तिघांचं टायमिंग कधीच जुळत नाही. हे भांडण कागदावर असतानाच मिटवायचं, ते नियोजन. भिंत तर काय, ठेकेदार बांधतेच.

पहिला मागणारा आपला धान. रोवण्याला पाणी लागतेच, पण खरी कसोटी सप्टेंबर संपता संपता. धान गर्भात असते, निसवायला म्हणजे लोंब बाहेर टाकायला लागते अन् नेमका तेव्हाच पाऊस दडी मारते, त्या पंधरा-वीस दिवसांत बांधी कोरडी पडली की लोंब येते पण दाणा पोचट. म्हणजे पाण्याची एक पाळी वेळेवर पाहिजे, बस. आता हिशोब कर. एका एकरात तीन इंच पाणी उभं करायला साधारण तीन लाख लिटर लागते. एक दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, शंभर कोटी लिटर, म्हणजे कागदावर तीन हजारावर एकर झाले. पण कालव्यात, वितरिकेत, चारीत झिरपून अन् फुटून निम्मं गेलं धरलं तर सोळाशे एकर. गोसीखुर्दचा उपयुक्त साठा 740 दलघमी लिहिलेला असतो, गळती न धरता त्याला किती जण नुसता गुणाकार करून मोकळे होतात बघ! आमच्या इकडे एकच प्रश्न विचारतात, टेलवर, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी कधी येते. वरचा शेतकरी मोघ्यापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाशी, पाईप टाकून बसला की खालच्याची शेजपाळी, म्हणजे ठरलेली पाण्याची पाळी, कागदावरच राहते, अन् पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म मात्र दोघांनी भरलेला असतो.

दुसरी वीज. इथे तुझ्या मैत्रिणी हमखास चुकतील, धरण म्हटलं की वीज लिहून टाकतील. अगं, वीज म्हणजे किती पाणी अन् किती उंचीवरून पडते याचा गुणाकार. कोयनेचं पाणी सह्याद्री उतरून कोकणात पडते म्हणून तिथे 1960 मेगावॅट, आपल्या सपाट मुलखात गोसीखुर्दच्या पायथ्याला 24. विदर्भात त्यातल्या त्यात मोठं म्हणजे पेंचवरचं तोतलाडोह, 160 मेगावॅट, ते पण मध्य प्रदेशासोबत वाटून. अन् वीजवाल्याला वर्षभर बेताबेतानं पाणी पाहिजे, धानाला एकदम. कालव्यात जाणारं पाणी आधी टर्बाईनमधून नेता आलं तर दोघांचं भागते, पण पायथ्याच्या टर्बाईनमधून नदीत गेलं की ते आपल्या बांधीच्या कामाचं राहात नाही. विश्वासार्हतेची स्लाईड टाकशील ना, त्यात सिंचनाला 75 टक्के म्हणजे चारपैकी तीन वर्षं पाणी मिळावं असं धरतात, विजेला 90, ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेव.

अन् हो, आपल्या भागात खरी वीज कोळशाची अन् तिलाही पाणीच लागते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राला इरई धरण, पेंचचं पाणी नागपूर शहराला अन् कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांना. हे वीज या रकान्यात कोणी मांडत नाही, तू मांड.

तिसरा मागणारा पूर, म्हणजे त्याला पाणी नको, रिकामी जागा पाहिजे. ऑगस्ट 2020 आठवते ना? वर मध्य प्रदेशात वैनगंगेवरच्याच संजय सरोवर धरणातून पाणी सोडलं, इकडे गोसीखुर्दची 33 च्या 33 दारं उघडली अन् ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या गावांत बोटी फिरल्या. ऑगस्टमध्ये धरण रिकामं ठेवावं तर ऑक्टोबरात भरेल याची गॅरंटी कोण देणार, अन् आधीच भरून ठेवलं तर एका रात्रीत सगळं खाली सोडावं लागते. कोणत्या तारखेला पातळी कुठवर ठेवायची याचा रूल कर्व्ह असतो, तो तू नक्की माग, माझ्या मते अख्ख्या धरणाचं नियोजन त्या एका रेषेत दिसते. पण वरचं धरण एका राज्याचं अन् खालचं दुसऱ्याचं, दोघांची रेष वेगवेगळी काढली तर काही फायदा नाही, म्हणून तर खोऱ्याचं नियोजन म्हणतात.

बुडीत गावांचं लिहिशीलच, एका ओळीत उरकू नको एवढंच. पुनर्वसन रखडलं म्हणून कितीतरी वर्षं धरण पूर्ण भरता आलं नाही, म्हणजे ते पण शेवटी पाण्याच्याच हिशोबात येते.

उजवा कालवा 99 किलोमीटर जाऊन आसोलामेंढ्याच्या तलावात पडते, तो तलाव इंग्रजांच्या काळातला. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे गावतलाव, तर त्याहून जुने, गाळ भरलेले, पण गावाजवळ आहेत. मला विचारशील तर कालव्याचं पाणी सरळ शेतात नेण्यापेक्षा वाटेतले मामा तलाव भरून घ्यावे, सप्टेंबरची ती एक पाळी गावातच मिळते, टेलची वाट पाहायची गरज नाही. इंजिनियर लोक म्हणतात लेव्हल मिळत नाही, म्हणजे पाणी उतारानं तलावात जात नाही. सगळीकडे मिळत नसेल, मान्य, पण जिथे मिळते तिथे तरी करा ना.

आता वैनगंगा-नळगंगा नद्या कालव्यानं जोडायच्या म्हणतात, 426 किलोमीटर, पार बुलढाण्यापर्यंत. तिकडची कोरड मला माहीत आहे, माझा विरोध नाही. पण तुझ्या सरांना एवढं विचार की जास्तीचं पाणी मोजलं ते पुराच्या महिन्यातलं का धान निसवायच्या वेळचं. ते काय म्हणतात ते कळव. अन् मेसचे पैसे सोमवारी टाकतो.

तुझा बाबा