मृतांचा पाव: यीस्टची ओळ काढा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या ‘मृतांच्या पावा’ची पाककृती आली. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे तिथल्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी आली हे बरं झालं, पण तीत दोन वेगळे पदार्थ एकत्र कालवले गेले आहेत. नाव मिलानचं, साहित्य निम्मं मिलानचं नि निम्मं सिएना या दुसऱ्या इटालियन शहराचं, आणि वर ७ ग्रॅम यीस्ट. गोळा झाकून तो फुगायची वाट पाहत बसलेल्यांचा काही दोष नाही. तो फुगणारच नव्हता.

मिलान आणि आसपासच्या लोम्बार्डीत जो पदार्थ करतात तो ‘पान देई मोर्ती’. पान म्हणजे पाव. (आपण पितरांना वाढतो ते पान वेगळं, योगायोग आहे, पण जमून आलेला.) नावात पाव असला तरी वस्तू पाव नव्हे. बाहेरून किंचित कडक, आत चिवट-मऊ, कोकोने काळपट झालेलं जाड बिस्कीट, असं म्हणणं जास्त खरं. बिस्किटांचा चुरा हा त्याचा पाया. चुरा एकदा भाजून झालेला असतो, त्यात ताणली जाणारी चिकटाई उरलेली नसते. शिवाय १२५ ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम साखर! एवढ्या साखरेत यीस्टला पाणी मिळत नाही, आणि थोडा वायू झालाच तरी तो धरून ठेवणार कोण? म्हणून इथे बेकिंग पावडर, तीही ५ ग्रॅमच.

१२ नगांचं प्रमाण असं: तिरामिसू या इटालियन गोड पदार्थासाठी मिळणारी लांबट लेडीफिंगर बिस्किटं १५० ग्रॅम, आमारेत्ती बिस्किटं ५० ग्रॅम, बदाम, सुके अंजीर आणि बेदाणे प्रत्येकी ६० ग्रॅम, मैदा १२५, साखर १५०, कोको २५, बेकिंग पावडर ५ ग्रॅम, तीन अंड्यांचा पांढरा भाग (सुमारे ९० ग्रॅम), अर्धा चमचा दालचिनी पूड, थोडं जायफळ, आणि ५० मिली व्हिन सांतो ही गोड वाइन. वाइन नको असेल तर तेवढाच द्राक्षाचा रस कोमट करून त्यात बेदाणे भिजवावेत आणि तो रसही पिठात घालावा.

लेडीफिंगर न मिळाल्यास मारीसारखं कोरडं बिस्कीट किंवा साधा टोस्ट चालतो. पुण्यात हात पहिल्यांदा श्रूजबेरीकडे जाईल, तो आवरावा. मूळ पिठात लोणी नावालाही नाही. स्निग्धता येते ती बदामातून. लोण्याच्या बिस्किटांचा चुरा घातला की भट्टीत ते लोणी आधी वितळतं आणि घातलेला आकार ट्रेभर पसरतो. नानकटाईचंही तेच.

आमारेत्ती म्हणजे कडवट बदामाच्या वासाची इटालियन बिस्किटं. ती नसतील तर ५० ग्रॅम जास्तीचं कोरडं बिस्कीट आणि बदामाच्या अर्काचे दोन-तीन थेंब पुरतात. तो वास आणायला जर्दाळूच्या कडू बिया कुटून घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. कडू बियांतून सायनाइड तयार होतं.

अंजीर दोरीत ओवलेले सुकेच हवेत. पुरंदरचा ताजा अंजीर कितीही गोड असला तरी त्याच्या पाण्याने पीठ सैल होतं, मग लोक मैदा वाढवतात आणि चव पिठूळ लागते. बेदाणा तासगावचा उत्तम.

बदाम पाच मिनिटं भाजून जाडसर कुटावेत. चुरा रव्याइतका बारीक करावा, त्यात मसूरडाळीएवढे तुकडे राहिले तर पीठ तिथे फुटतं. कोरडं सगळं एकत्र करून अंड्याचा पांढरा भाग न फेसता घालावा. फेसलेला घातला तर नग फुगून मग खचतात. पीठ लाडवाच्या सारणापेक्षा ओलं आणि हाताला चिकटणारं हवं. कोरडं वाटलं म्हणून लगेच रस ओतू नये. दहा मिनिटं थांबावं, चुरा ओलावा ओढून घेतो आणि मग खरा अंदाज येतो. अंडं न खाणाऱ्यांनी दोन मोठे चमचे जवसाची पूड ९० मिली पाण्यात भिजवून घालावी. नग जरा ठिसूळ होतात, पण तुटत नाहीत.

हात ओले करून ६५–७० ग्रॅमचा गोळा घ्यावा, दोन्ही टोकं निमुळती, १३ सेंटिमीटर लांब, मधे ६ रुंद, १ सेंटिमीटर जाड. इटलीत खाली पातळ खाद्य वेफर ठेवतात, आपल्याकडे बटर पेपर. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. छोट्या ओटीजीत मधल्या खणात, दोन्ही कॉइल चालू ठेवून. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. कोकोमुळे रंगावरून काही कळत नाही, आणि गरम असताना नग बोटाने दाबला तर मऊच लागतो. कच्चा समजून आणखी दहा मिनिटं ठेवला की गार झाल्यावर त्याचा खडा होतो. कड घट्ट लागली आणि नग कागदावरून सुटला की बाहेर काढावा. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच भुरभुरावी, नाहीतर ती विरघळून डाग पडतात. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरते. डब्यात आठवडाभर टिकतो.

साखर जास्त वाटते हे कबूल. १२० ग्रॅमपर्यंत उतरता येतं. त्याखाली गेलात तर आतला मऊपणा जातो, कारण ओलावा साखरच धरून असते.

आणखी एक. मृतांच्या नावाने गोड खाण्याला पुरवणीने ‘विचित्र प्रथा’ म्हटलं आहे. श्राद्धाच्या पानात तांदळाची खीर वाढणाऱ्यांनी तरी असं म्हणू नये. सिसिलीत तर बदामाच्या लगद्याची रंगवलेली फळं मृतांची भेट म्हणून मुलांना देतात.

राहिलं यीस्ट. ते ज्यांनी कोमट पाण्यात फेसवून ठेवलंच असेल त्यांनी टाकू नये, सिएनाचा ‘पान को सांती’ करावा. तो खरा पाव, १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाचा. ‘सांती’ म्हणजे संत, पण इथे त्याचा अर्थ आतले अक्रोड आणि बेदाणे. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, साधारण २६० मिली पाणी (यीस्ट फेसवलेलं धरून), ८० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, ५० मिली ऑलिव्ह तेल, १५० ग्रॅम अक्रोड, तेवढेच बेदाणे आणि एक चमचा जाडसर कुटलेली मिरी. तिथे पूर्वापार डुकराची चरबी वापरतात, तेलाने अडत नाही. भिजवलेले बेदाणे घट्ट पिळून, अक्रोड त्याच तेलात हलके परतून गार झाल्यावर, कणीक मळून झाली की शेवटी मिसळावेत. अक्रोडाच्या सालीने कणीक जांभळट दिसेल, ती बिघडलेली नाही. दुप्पट फुगू द्यावी, दोन गोल पाव वळून पुन्हा तासभर ठेवावेत, वरून अंड्याचा बलक किंवा दूध लावून १८० अंशांवर ४० मिनिटं भाजावेत. वर डोकावणारे बेदाणे मात्र आत दाबा, ते आधी जळतात.

कळावे,
दोन बेकर वाचक,
सदाशिव पेठ, पुणे