हळदीच्या कार्यक्रमाविषयी, मित्रास

प्रिय मित्रा,

ख्रिस्तामध्ये सलाम.

तुझं पत्र परवा हाती पडलं आणि तेव्हापासून तीनदा वाचलं. थोरलीचं लग्न ठरलं, मुलगा चांगला आहे, दोन्ही घरं समाधानी आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. हिला वाचून दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण पत्राचा शेवट वाचून माझं मन अडकलं. तुमच्या पुण्याच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणी वडीलधाऱ्यानं तुला सांगितलं, की हळद, ओव्या, मंगळसूत्र हे सगळं परधर्माचं आहे, ख्रिस्ती घरात ते शोभत नाही. पोरीला मात्र हळद हवी आहे. वहिनींची घालमेल चालली आहे. आणि तू मला विचारतोस, काय करू?

मी पाळक नाही, तुला ठाऊक आहे. पण या प्रश्नानं आपल्या घराला एकदा जखम केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे दादा भजनाला बसायचे ते तुला आठवतं का? रविवारी संध्याकाळी ओसरीवर सतरंजी अंथरायची, मधे कंदील ठेवायचा आणि दादांनी टाळ हातात घेऊन ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा अभंग सुरू करायचा. तू नि मी खांबाला टेकून बसायचो. त्या टाळांची जोडी दादांच्या वडिलांची. पितळ मधोमध घासून आरशासारखं झालेलं, आणि कडेला एक बारीक चीर, त्यामुळे नाद शेवटी किंचित थरथरायचा. तू गाव सोडल्यानंतर दोनेक वर्षांनी मंडळीत नवे कारभारी आले आणि त्यांनी भर सभेत दादांना सांगितलं, की टाळ वारकऱ्यांचे, उपासनेत पेटीवर गीतं म्हणायची. दादा वाद घालणारे नव्हतेच. घरी आले, टाळ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवले, आणि पुढची अकरा वर्षं, जाईपर्यंत, त्यांनी ते खाली काढले नाहीत. उपासनेला जात राहिले. पण गाताना त्यांचा हात मांडीवर आपसूक ठेका धरायचा आणि मग मधेच थांबायचा. ते थांबणं मी विसरू शकत नाही.

जे टाळ परके ठरले ते घेऊन कोण गात होतं, हे त्या माणसांना कुणीतरी सांगायला हवं होतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. अभंग सोडून ख्रिस्ताकडे जायचं, असं त्यांना कधी वाटलंच नाही. आपल्या याच नगरला राहून त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही तिथं येशूभोवती बसावं, ही त्यांची तळमळ होती. पुढच्या दोनच वर्षांत ते गेले. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडलंस तर आजही पानोपानी तेच भेटतात. म्हणजे शब्द त्यांचे चालतात आणि त्यांचा टाळ चालत नाही, असा तो न्याय होता.

त्याच्याही मागे जा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना ऐकायला पुराण हवं होतं. त्यानं त्यांना प्रश्नोत्तराची पुस्तिका देऊन गप्प बसवलं नाही, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचून दिलं. ते छापलं गेलं 1616 साली. तुकोबा तेव्हा लहान मूल होते! ख्रिस्ताची गोष्ट ओवीत सांगायला आपल्या लोकांनी काल सुरुवात केलेली नाही, मित्रा. 400 वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही.

आता लग्नाचंच बोलू. पांढरा गाऊन बायबलात कुठं आहे, हे त्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचार. 1840 साली व्हिक्टोरिया राणीनं स्वतःच्या लग्नात पांढरा झगा घातला आणि तेव्हापासून ती चाल रुळली. नाताळचं झाड जर्मन घरांतून आलं. यात काही वाईट नाही. त्या लोकांनी आपल्या घरातलं जे चांगलं होतं ते प्रभूपुढे आणलं. मग आपण आपल्या घरातलं नेलं तर ते परधर्माचं कसं होतं? केरळातले थोमाचे ख्रिस्ती नवरीच्या गळ्यात मिन्नू, म्हणजे लग्नाचं छोटं पदक, बांधतात, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस असतो, आणि तो ओवायचा दोरा नवऱ्यानं दिलेल्या मंत्रकोडीच्या, म्हणजे लग्नाच्या साडीच्या, धाग्यांतून काढतात. आपल्या मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन म्हणवणारे ख्रिस्ती लोक लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. वसईच्या कुपारी समाजातल्या ख्रिस्ती बायका लाल लुगडं नेसून मिस्साला जातात. यातलं कुणी येशूला विसरलं का?

बायबलातला प्रेषितांची कृत्यं, पंधरावा अध्याय, घरी सगळ्यांनी मिळून एकदा वाचा. सुंता करून आधी यहूदी व्हा, मगच तुमचं तारण होईल, असं सांगणारे लोक अंत्युखियाला आले होते. यरुशलेमात मोठा वाद झाला. पेत्र उठला, पौल नि बर्णबा बोलले, आणि ठरलं ते असं, की परराष्ट्रीयांवर हे ओझं लादायचं नाही. मंडळीपुढचा अगदी सुरुवातीचा मोठा वाद हाच होता, आणि तो ओझं न लादण्याच्या बाजूनं सुटला. माझ्या मनाला या अध्यायानं जेवढा धीर दिला तेवढा दुसऱ्या कशानं दिला नाही.

पण इथं थांबलो तर मी तुला अर्धंच खरं सांगितलं असं होईल.

'आपली संस्कृती' म्हटलं की मलाही एक काटा टोचतो. कुणाची संस्कृती? तुझ्या-माझ्या आज्यांना गावच्या देवळाच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, पाणी वरून ओतायचे. 1606 साली मदुराईला आलेल्या रॉबर्ट डी नोबिली या इटालियन धर्मगुरूनं संन्याशाची वस्त्रं घातली, संस्कृत शिकला, याचं कौतुक होतं. मी मात्र त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला हे दिसलं, की वरच्या जातीत मिसळता यावं म्हणून तो खालच्या जातींपासून अंतर राखून राहिला. म्हणजे पोशाख इथला घेतला आणि त्याबरोबर शिवाशिवही घेतली. आपल्या जालन्याचे ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी पुढं हेच दुखणं बोलून दाखवलं: भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे मांडलं जातं ते ब्राह्मणी परंपरेशी बोलतं, आणि मंडळीत बसलेली बहुसंख्य माणसं तर दलित आहेत, त्यांचं दुःख त्यात कुठं आहे? मला हे पूर्ण पटतं. समई नि संस्कृत श्लोक ज्यांना आपले वाटतात त्यांनी ते आनंदानं घ्यावेत. माझी संस्कृती माझ्या आजीच्या जात्यावर आहे. पहाटे घरघर सुरू झाली की ती म्हणायची,

पहिली माझी ओवी, बेथलेहेमच्या गोठ्याला
दिवा लावते मी गं मरियेच्या ओट्याला

ती शाळेत गेलेली नव्हती. गोठा तिला नीट माहीत होता. गाईच्या अंगाची ऊब, शेणाचा वास, बाळंतिणीला लागणारा आडोसा, हे तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. तिच्या येशूचा जन्म आमच्याच गोठ्यात झाला होता.

म्हणून हळदीचं माझं उत्तर 'हो' असं आहे. पण एक अट सांगतो, आणि ती माझ्या आईनं घातलेली आहे.

माझ्या लग्नात हळद दळायला जातं मांडलं होतं. सवाष्णींनी दळायची, सवाष्णींनीच लावायची, ही रीत ख्रिस्ती घरांतही जशीच्या तशी चालत आली होती. आत्याला तू ओळखतोस. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, आणि नंतर सगळा जन्म तिनं आमच्या घरात काढला. मला अंगाखांद्यावर तिनंच वाढवलं. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, हात पदराखाली घेऊन. हळदीची वाटी आणली तेव्हा आई उठली, सरळ दारापाशी गेली आणि आत्याचा हात पदराखालून ओढून बाहेर काढला. म्हणाली, "वन्स, पहिली हळद तुमची." क्षणभर कुणीच काही बोलेना. एक म्हातारी पुटपुटली, अपशकुन होईल. आई म्हणाली, "माझ्या घरात प्रभू आहे, शकुन-अपशकुन नाही." आत्याची बोटं थरथरत होती. तिनं माझ्या गालाला हळद लावली, आणि तेवढ्यात तिच्या मनगटावरून ती ओघळून कोपरापर्यंत गेली. पुसायचं सोडून ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली. सतरा वर्षांनी तिच्या हाताला हळद लागली होती.

मित्रा, मला सुवार्ता कळली ती त्या हातावरून. हळद तीच, जातं तेच, ओव्या त्याच. फक्त दाराआड उभं राहिलेलं माणूस आत आलं. तेव्हा पोरीला हळद जरूर लाव, पण पहिली कोण लावणार ते आधी ठरव. तुमच्याकडे एकटी राहणारी मावशी असेल, टाकलेली बहीण असेल, शेजारची कुणी असेल. तिला बोलाव. पत्रिका जुळवणं, मुहूर्त, हुंडा यांना मात्र रीत म्हणून घरात घेऊ नकोस. तू घेणार नाहीसच, तरी लिहितो. आणि जेवायला सगळ्यांची एकच पंगत. मानकऱ्यांची वेगळी बसवू नकोस.

मंगळसूत्राचं विचारलंस. काळे मणी नि क्रूस, आमच्या हिच्या गळ्यात आहे तसं. पोरीला आवडत असेल तर कर, नसेल तर अंगठीवर भागव. त्यावर घरात भांडण नको.

एक काम सांगतो. पुण्यातच आहेस तर शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात पोरीला घेऊन एकदा जाऊन ये. अँजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार तिथं राहिला होता. त्यानं मरियेला साडी नेसवली, सावळा रंग दिला, म्हणून त्याच्याच गावाकडच्या धर्मगुरूंनी टीका केली आणि त्याला गोवा सोडावा लागला. पण 1967 साली जाईपर्यंत तो तशीच चित्रं काढत राहिला. त्याच्या मरियेचा एखादा छापील फोटो मिळाला तर पोरीला दाखव. आपल्या घरातलीच एखादी बाई वाटते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आत्याच आठवली.

त्या वडीलधाऱ्यांशी भांडू नकोस. त्यांच्या मनात भीती आहे, आणि तिच्यामागे कारणही असेल. ज्या घरानं जुन्या देवांपायी खूप सोसलं, त्याला टाळाचा आवाजसुद्धा सहन होत नाही, हे मी पाहिलं आहे. त्यांनाही हळदीला बोलाव. शेजारी बसव. प्रार्थना त्यांनाच करायला सांग.

आम्ही सगळे आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. दादांचे टाळ मी मागच्या महिन्यात कपाटावरून काढले. फडकं जीर्ण झालं होतं, दोरी हातात घेताच तुटली. नवी सुती दोरी ओवली आहे, पितळ चिंचेनं घासलं आहे. ती कडेची चीर अजून आहे. रात्री ओसरी नसली तरी तुमच्या गच्चीवर सतरंजी टाकू, चार अभंग म्हणू. सुरुवात तू करायचीस, तुझा आवाज दादांना फार आवडायचा.

आत्या आता एक्क्याऐंशीची आहे, गुडघे धरतात, तरी येते म्हणाली. कालच तिनं विचारलं, पुण्यात जातं मिळेल का, की इथूनच न्यायचं? तेवढं कळव, म्हणजे गाडीत जागा ठेवतो.

तुझा,
लहानपणचा सोबती