स्मृतीची वाकळ शिवताना

महोदय,

२८ एप्रिल हा कामावर मृत्यू पावलेल्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी या आमच्याकडच्या कारखान्यांच्या गावांत कुणी स्मृतीची वाकळ, म्हणजे गेलेल्यांच्या कपड्यांचे चौकोन जोडून त्यांवर त्यांची नावे घातलेली गोधडी, शिवणार असेल, तर कापडापासूनच सावध राहावे. फौंड्रीतल्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातल्या, कपड्यांत लोखंडी कीस अडकलेला असतो. त्यावर सुई मोडते. आधी लोहचुंबक फिरवा, मग धुण्याच्या सोड्यात कपडे उकळा. सुती आणि टेरिकॉट एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात सुती आटते आणि चुण्या पडतात, म्हणून सुती आधीच धुऊन आटवून घ्या.

चौकोन १३ इंची कापा. चहूबाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाऊन फूटभर उरतो. तीन बाय चारच्या मांडणीत बारा नावे बसतात. नाव साखळी टाक्यानेच घाला, मार्करची शाई फुटते. स्पेलिंग मात्र घरच्यांकडूनच घ्या, हजेरीपटावरून नको! आत जुन्या लुगड्याचे दोन थर पुरेत. जाड झाली की टांगल्यावर वाकळ लोंबते. कच्चा टाका मधून कडेकडे न्यावा. वरच्या कडेला मागून काठीसाठी चार इंची नळी शिवा. खिळे ठोकले की कापड फाटते. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, बुरशी येते.

– वाकळ शिवणाऱ्या काहीजणी, कोल्हापूर