मीठ न पचवणारे शैवाल

संपादक महोदय,

दुनालिएला सलिना हे शैवाल 'मीठ पचवते' असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. आत शिरलेला सोडियम ही पेशी सतत बाहेर फेकते आणि बाहेरच्या खारटपणाशी तोल सांभाळते आत साठवलेल्या ग्लिसरॉलने (म्हणजे ग्लिसरीनने).

या पेशीला कडक भित्तिका नसते, नुसते पातळ पटल असते. खारटपणा एकदम वाढला की पाणी बाहेर जाऊन ती काही मिनिटांतच आक्रसते. पटलावरचा हा बदल हाच बहुधा पहिला इशारा. मग साठवलेल्या स्टार्चपासून ग्लिसरॉल बनू लागते, अगदी अंधारातसुद्धा. उजेड असेल तर प्रकाशसंश्लेषणाचीही भर पडते. ते पाणी परत आत ओढते आणि काही तासांत पेशी पुन्हा पूर्वीच्या आकाराची होते. हे ग्लिसरॉल पटलातून सहसा झिरपत नाही, सारी करामत त्यातच आहे.

खरा धोका उलट दिशेने असतो. पाणी अचानक गोडे झाले की पेशी फुगून फुटते. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना साध्या पाण्यात ठेवला तर हिरवा चिखलच दिसतो, आणि दोष संवर्धनाला, म्हणजे वाढवलेल्या शैवालाला, दिला जातो! नमुना नेहमी त्याच खारटपणाच्या द्रावणात पातळ करावा. संवर्धनातले मीठ कमी करायचे असेल तर टप्प्याटप्प्याने, मध्ये काही तास सोडून करावे.

– एक वाचक