तुझ्या यादीला लावलेली कात्री

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
रविवार, सकाळ

चि. वैदू,
अनेक आशीर्वाद.

अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरसाठी तू पाठवलेली साठ गेमची यादी वाचली. प्रत्येक प्रकाराला चार-पाच नावं लावलीस आणि निवड पोट्ट्यांवर सोडलीस. असं केलं तर सुट्टीचा पहिला आठवडा निवडण्यातच जाईल आणि शेवटी सगळे मिळून रोड रॅशवर येऊन बसतील. दहा-बारा नावं लय झाली.

कापताना ‘सगळ्यात पहिला कोणता’ आणि ‘सगळ्यात भारी कोणता’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेव. विचारायचं एवढंच, की हा एक गेम हाताखालून गेल्यावर त्याच जातीचा दुसरा कुठलाही गेम पोरगं कुणाला न विचारता चालवेल का? चालवत असेल तर तो त्या जातीचा खरा गेम.

तू ड्यून टू पहिला लिहिलास. मान त्याचा आहे. १९९२ साली माल गोळा करा, इमारती बांधा, फौज काढा, शत्रूवर घाला हा साचा त्यानेच पक्का केला. पण त्यात प्रत्येक रणगाडा वेगळा निवडून वेगळा हुकूम द्यावा लागतो. दहा रणगाडे हलवायचे तर दहा वेळा तेच. आजचं पोट्टं माऊस ओढून चौकट करायला जाईल, काहीच होणार नाही, आणि ते उठून बाहेर क्रिकेट खेळायला पळेल. त्याच्या जागी १९९९ चा एज ऑफ एम्पायर्स टू ठेव. त्याची २०१९ ची नवी आवृत्ती आपल्या मशीनला झेपणार नाही, कारण ४ जीबी रॅम आहे आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मूळ गेमला ३२ एमबी रॅम पुरायची. त्याची सीडी कपाटात आहे.

हा गेम शिकवताना लढाईपासून सुरू करू नको. सुरुवातीला एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या मिळतो. साठ्यात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. एका गावकऱ्याला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात, म्हणजे २०० अन्नात चार गावकरी निघतात आणि शंभर सेकंदांत कोठार रिकामं. त्याच्या आत मेंढ्यांचं अन्न यायला लागलं पाहिजे. दुसरी खोच जागेची. टाउन सेंटरमध्ये पाचच जण मावतात आणि चार आधीच आहेत. एक गावकरी निघाला की पुढचा अडला. म्हणून खेळ सुरू होताच दोन गावकऱ्यांना दोन घरांवर लाव आणि टेहळ्याला मेंढ्या शोधायला फिरव. मेंढ्या टाउन सेंटरच्या अगदी भिंतीला आणायच्या आणि एका वेळी एकच कापायची. कापलेलं मांस पडल्या पडल्या सडत जातं. चार एकदम कापल्या तर बरंचसं वाया जातं. पोट्टे हमखास इथेच चुकतात, नाहीतर आधी तबेला बांधतात आणि शेतीचं मागून बघतात. कास्तकाराच्या घरची लेकरं असून!

पुढच्या युगात जायला ५०० अन्न लागतं. तेवढं साठेपर्यंत टाउन सेंटर एकदाही रिकामं बसलं नाही, तर समज पोराला सगळी जात समजली. या प्रकारात हात एका जागी राहत नाही. कोठार, बांधकाम आणि फौज या तिन्हींवर नजर फिरती ठेवावी लागते, आणि पुढे स्टारक्राफ्ट लावला तरी तेच.

विंडोज सेव्हनवर या जुन्या गेमचं एक दुखणं आहे. गवत लाल आणि पाणी जांभळं दिसतं. कार्ड खराब झालं असं समजून कुणी कॉम्प्युटर दुरुस्तीला नेऊ नये. गेम २५६ रंगांचा आहे आणि विंडोजचा एक्सप्लोरर मध्येच त्याचे रंग बदलून टाकतो. गेम सुरू करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई बंद कर, मग त्याच खिडकीतल्या फाइल मेनूतून नवीन टास्क घेऊन गेम चालू कर. खेळ झाल्यावर तिथूनच एक्सप्लोरर परत चालू करायचा. या पायऱ्या कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटव.

आता कोड्यांचं. टेट्रिसवर वाद नाही. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्हने तो केला. रुंदी १० घरं, उंची २०, ठोकळ्यांच्या जाती सात, प्रत्येकात चार घरं. पोरांना फक्त उजवीकडचा एक उभा रकाना रिकामा ठेवायला सांग. चार ओळी म्हणजे चाळीस घरं, म्हणजे बरोबर दहा ठोकळे. शेवटचा उभा दांडा त्या रकान्यात घातला की चारही ओळी एकदम उडतात. गेम बॉयवरच्या हिशोबात सुरुवातीच्या पातळीला एकेक करून चार ओळी उडवल्या तर १६० गुण, एकदम उडवल्या तर १२००. दांड्याची वाट पाहता पाहता ढीग वर जातो आणि घाबरून पोरगं एखाद्या भोकावर ठोकळा ठेवून देतं, तिथून उतरती कळा. ढीग निम्म्याच्या वर गेला की दांड्याचा नाद सोडायचा. माइनस्वीपर विंडोजमध्येच आहे. दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलमधल्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये गेम्सवर खूण कर. सरळ रेषेत १-२-१ असे आकडे आले, तर सुरुंग दोन्ही १ समोर असतात आणि २ समोरचं घर सुरक्षित. एवढं एक सांग, बाकीचं ते शोधतील.

उड्यांच्या प्रकारात तू मारिओ आणि प्रिन्स एकाच कप्प्यात घातलेस. ते वेगळे कर. १९८५ च्या सुपर मारिओमध्ये बटण दाबलं की मारिओ त्याच क्षणी उडतो, जास्त वेळ दाबलं तर जास्त उंच, आणि हवेत असतानाही दिशा थोडी वळवता येते. सगळा गेम ४० केबीत बसवलेला. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच, फक्त रंग वेगळा. पोरांना दाखव, हमखास डोळे मोठे करतात. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावताना-उड्या मारताना चित्रित करून त्यावरून चित्रं काढली. त्यामुळे तिथे आधी पाऊल पुरं होतं, मग तुमचं बटण ऐकलं जातं. मारिओच्या सवयीने कडेला येऊन दाबलं की खड्ड्यात. शिफ्ट धरून बाण दाबला तर एकच जपून पाऊल टाकतो, आणि पडताना शिफ्ट धरला तर कडेला लटकतो. एकूण वेळ ६० मिनिटं, मेलात तरी घड्याळ थांबत नाही. मारिओ कॉम्प्युटरसाठी अधिकृत मिळत नाही, तिथे फुकटचा सुपरटक्स घाल. हात तोच शिकतो.

याच शिफ्टची एक गंमत आहे. पाच वेळा पटापट दाबला की विंडोज ‘स्टिकी कीज’ची पाटी मध्ये आणतं आणि प्रिन्स खाली पडतो. कंट्रोल पॅनलमधल्या ‘ईज ऑफ अ‍ॅक्सेस’मध्ये जाऊन हा शॉर्टकट बंद केल्याशिवाय कुणालाही बसवू नको. डूममध्येही धावायला शिफ्टच लागतो.

गोळीबाराच्या प्रकारातल्या डूमबद्दल तू विचारलंस, की वुल्फेनस्टाइन त्याच्या आधीचा, मग हा काऊन? १९९२ च्या वुल्फेनस्टाइनमध्ये सगळी जमीन एकाच पातळीची आणि भिंती काटकोनात. डिसेंबर १९९३ च्या डूममध्ये जिने आले, अंधार-उजेड आला आणि मित्रामित्रांची एकमेकांवर गोळीबाराची सोय आली. शिवाय त्याचा पहिला भाग कुणालाही वाटायला मोकळा होता आणि आजही आहे. डूमवन डॉट वॅड ही ४ एमबीची फाइल आणि सोबत ती चालवणारा चॉकलेट डूम हा प्रोग्राम, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेव. वेगवेगळ्या ठेवल्या की ‘आयवॅड सापडली नाही’ म्हणून बंद पडतो. माऊस पुढे सारल्यावर माणूस चालायला लागला तर सेटअपमध्ये माऊसची उभी हालचाल बंद कर. वर-खाली नेम धरायचा नसतो, गोळी आपोआप शत्रूच्या उंचीला जाते. इथे माझी कसोटी थोडी लंगडी पडते हे कबूल. डूम शिकलेलं पोरगं काउंटर स्ट्राइकला बसलं तर वर-खाली नेम त्याला नव्याने शिकावा लागेल. तरी डूमच ठेव. दार उघडण्याआधी आत काय असेल याचा अंदाज घेणं, गोळ्या मोजून वापरणं आणि पाठ भिंतीला ठेवणं हे त्याच्याइतकं साफ कुणी शिकवत नाही. रक्त बरंच आहे, म्हणून लहानग्यांना तो नको.

मारामारीत १९९१ चा स्ट्रीट फायटर टू. २०१८ च्या जुन्या खेळांच्या संग्रहात तो विकत मिळतो, पण आपल्या मशीनवर आधी चालवून बघ. हाडोकेन, म्हणजे हातातून गोळा फेकायचा डाव, पोरांना की-बोर्डवर जमत नाही, कारण ते खालचा बाण सोडून मग उजवा दाबतात. खालचा धरून ठेवायचा, तो न सोडता उजवा दाबायचा, मग खालचा सोडायचा, लगेच ठोसा. मधली तिरकी दिशा दोन्ही बाण एकत्र दाबूनच मिळते, आणि ती चुकली की नुसता ठोसा बसतो. दोघं एकाच की-बोर्डवर बसले तर स्वस्त की-बोर्ड तीन-चार बटणं एकदम दाबल्यावर एखादं गिळतो, आणि मग ‘माझं बटण लागलंच नाही’ म्हणून भांडण. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट सहसा गिळली जात नाहीत, ठोसे त्यांवर लाव. त्याहून बरं म्हणजे दोन यूएसबी गेमपॅड घे.

शहर-वाहतुकीच्या प्रकारात तुझी पाचही नावं काढ आणि ओपनटीटीडी ठेव. मूळ ट्रान्सपोर्ट टायकून १९९४ चा, ख्रिस सॉयरचा. हे त्याचंच फुकट रूप. आपल्याकडे हा सगळ्यात जास्त चालेल असं मला वाटतं. एकेरी रूळ म्हणजे काय हे सांगायलाच नको, आपल्या शकुंतला रेल्वेचा सगळ्यांनी पाहिलेला आहे. गाड्या अडकतात ते सिग्नल चुकल्यामुळे. पोरं एकेरी रुळाच्या मधोमध सिग्नल लावतात. दोन्हीकडून गाड्या आत शिरतात आणि समोरासमोर अडकून उभ्या राहतात. नियम एकच सांग: जिथे थांबलेली गाडी दुसरीची वाट अडवत नाही, तिथेच सिग्नल. म्हणजे स्टेशनात दोन लाइन टाकायच्या आणि त्या एकेरी रुळाला मिळतात त्याच्या अलीकडे प्रत्येकीवर पाथ सिग्नल. हे जमलं की बडनेऱ्याचा नकाशा काढून दे. मुख्य लाइन भुसावळ–नागपूर, त्यातून अमरावतीचा फाटा. फाट्यावरची छोटी गाडी मुख्य लाइनच्या मालगाडीला माल कसा देते, यात त्यांची दुपार जाईल.

बाकीचं लवकर उरकतो. सिव्हिलायझेशनच्या जागी फुकटचा फ्रीसिव्ह. चालीगणिक थांबत खेळायचा असल्याने चौघं एकाच खुर्चीभोवती बसून एकाच डावावर वाद घालू शकतात. माइनक्राफ्टच्या जागी लुआंटी, त्यात दिसण्याचं अंतर कमी ठेव. ‘रोग’ नावाच्या जुन्या गेमच्या जातीचा एक नेटहॅक, मेलं की सगळं पहिल्यापासून हे कळायला. शर्यतीला सुपरटक्सकार्ट. मंकी आयलंड मलाही प्रिय, पण त्याची निम्मी मजा इंग्रजी शब्दखेळात आहे. तू शेजारी बसून वाचून दाखवणार असशील तरच ठेव. जीटीए थ्री (२००१) मोकळ्या शहरात भटकायच्या प्रकाराचा बाप खराच, पण तो मोठ्यांचा गेम आहे, अभ्यासिकेत नको. क्रिकेट ०७ सगळे मागतील. त्याची सरळ मार्गाने विकत मिळणारी कॉपी आता नाही, आणि पेनड्राइव्हवर फिरणाऱ्यात व्हायरस असतो. पबजीच्या जातीचं काही भरू नको. शंभर जणांची संगीतखुर्ची आहे ती, आकसत्या वर्तुळाची, आणि मोबाइलवर सगळ्यांना पाठ आहे.

लाइन जाणारच. ६०० व्हीएचा यूपीएस कीं-कीं करायला लागला की सेव्ह करून बंद करायचं, डाव पुरा करत बसायचं नाही. ओपनटीटीडीत आपोआप सेव्हची वेळ सगळ्यात कमी ठेव. आणि कॉम्प्युटर कूलरच्या झोतात ठेवू देऊ नको. मे महिन्यात सगळ्यांना तीच जागा सुचते, पण ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. चालू केल्यावर नुसता बीप-बीप वाजला आणि पडदा काळा राहिला, तर वीज बंद करून, वायर काढून रॅम उपस, तिच्या सोनेरी पट्ट्या कोऱ्या खोडरबराने पुस आणि परत घट्ट बसव. गेम अर्ध्या तासाने रखडायला लागला तर प्रोसेसरचा पंखा बघ, त्यात धुळीची गादी झालेली असते.

तिकडून निघताना ओपनटीटीडीसोबत ओपनजीएफएक्सची फाइल वेगळी उतरवून पेनड्राइव्हवर घे आणि इथे ‘बेससेट’ फोल्डरमध्ये टाक. नाहीतर पहिल्यांदा चालू केल्यावर तो इंटरनेटवरून चित्रं मागतो, आणि अभ्यासिकेत रेंज फक्त ओट्यावर येते.

आई विचारते आहे, शनिवारी कोणत्या गाडीने येतेस.

तुझे
बाबा