फोटोखाली गाव आणि तारीखही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिगमो जवळ आला की आपल्या दैनिकात फुललेल्या झाडाचा एक मोठा फोटो येतो आणि त्याखाली ‘वसंताची चाहूल’ अशी ओळ असते. यंदा पांगाऱ्याच्या फोटोखाली ‘पळस फुलला’ असे छापून आले. पळसाला पाने तीनच, हे आपण येता-जाता म्हणतो. पण पांगाऱ्यालाही तीनच असतात, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. पांगाऱ्याच्या फांदीला काटे असतात आणि फूल लाल असते. पळसाला काटा नाही, फूल केशरी आणि चोचीसारखे वळलेले. चूक एखाद्या वेळी होतेच. मला खटकले ते वेगळेच: हे झाड कुठल्या गावचे आणि फोटो कधीचा, याचा पत्ता नव्हता.

आंब्याला मोहर लवकर आला की उशिरा, यावर आमच्या तिठ्यावर दरवर्षी वाद रंगतो. मागच्या वर्षीची तारीख मात्र कुणालाच आठवत नाही. सुरंगी कधी उमलली, सावरीची पाने कधी झडली, बहावा एप्रिलमध्ये पिवळा झाला की मे उजाडला, हे सगळे आपल्या मोबाईलमध्ये पडून असते आणि फोन बदलला की जाते. गाव नि तारीख घालून छापलेला साधा फोटोही चार वर्षांनी ताडून पाहता येतो. ‘सीझनवॉच’ हा देशव्यापी उपक्रम पालवी, फुले आणि फळांच्या अशाच नोंदी सामान्य लोकांकडून गोळा करतो. गोव्यातल्या वर्तमानपत्राला आपल्यापुरते हे करायला काय हरकत आहे?

म्हादई अभयारण्यातला वाघ किंवा पावसाळ्यातला दूधसागर यांना जागा मिळते, मिळायलाच हवी. पण फेब्रुवारी ते मे या दिवसांत आपल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) आणि काजूच्या भाटात जे चालते तेही बघण्यासारखे असते. हुमल्यांचेच, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचेच घ्या. काजूच्या पानांचे घरटे ते कसे शिवतात, हे मोबाईलच्या मॅक्रोवर स्पष्ट दिसते. पानाच्या कडेला रांगेने उभे राहून काही हुमले दुसरे पान ओढून धरतात. अंतर जास्त असेल तर एकमेकांची कंबर पकडून साखळी करतात. मग आतून दुसरे येतात, तोंडात आपलीच अळी धरून. तिच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो आणि तिला या कडेवरून त्या कडेवर फिरवत ते पाने सांधतात. (फोटो काढताना फांदीला हात टेकू नये, एवढे अनुभवाने सांगतो.) काजूच्या मोहराचे नुकसान करणाऱ्या ढेकण्या किडीला हेच हुमले पळवतात. तरीही घरटे दिसले की जाळायला चूड पेटवणारे आहेतच.

कुंभ्याचा फोटो हवा तर पहाटेच उठावे लागते. फूल रात्री उमलते आणि ऊन चढेपर्यंत पुंकेसरांचे गुलाबी कडे झाडाखाली पडलेले असते. सावरीला एवढी घाई नाही. एका फांदीवर नजर ठेवून थांबले, तर मैना, बुलबुल, कावळा, सगळे मधासाठी येऊन जातात.

घरट्यांच्या फोटोंना मात्र माझा विरोध आहे. शिपाई बुलबुल कंबरेएवढ्या झुडपातही घरटे करतो आणि फोटो ‘मोकळा’ यावा म्हणून पुढची पाने-काटक्या मोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते निघून जातात. मागे पिल्लांवर ऊन येते आणि कावळ्याला, भारद्वाजाला वाट मोकळी होते. असे फोटो कितीही सुंदर असले तरी छापू नयेत, आणि धनेशाच्या ढोलीचे ठिकाण तर मुळीच देऊ नये. गाव-तारीख हवी ती फुला-झाडांना, फुलपाखरांना.

रविवारच्या पुरवणीत पाव पान मिळाले तरी पुरे. डीएसएलआर कॅमेरेवाल्यांसाठीच नको, शाळकरी मुलाने फोनवर काढलेला करवंदीच्या फुलाचा फोटोही चालावा. नाव ठाऊक नसेल तर ‘ओळखा’ म्हणून छापा. सत्तरी तालुक्यातल्या आणि काणकोणातल्या जाणत्या बायका पुढच्या रविवारपर्यंत नाव कळवतील. बहावा आता फुलायला लागलाच आहे, सुरुवात त्याच्यापासून करता येईल.

आपला,
एक वाचक, सांखळी