पश्चिमेचं ऊन आणि पश्चिमेचाच वारा

नौपाडा, ठाणे
१८ मे

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "वाशीचं घर आता राहण्यासारखं राहिलं नाही. एक तर बिल्डरला देतो, नाहीतर सगळ्या खोल्यांत एसी लावून टाकतो." काकू शेजारीच बसल्या होत्या, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. त्या घराच्या ओट्यावर बसून आपण दहावीचा अभ्यास केलाय रे.

गेल्या वर्षीपर्यंत आमचीही हीच गत होती. रात्री दहा वाजता पलंगावर उभं राहून छताला हात लावला, तर नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखं लागायचं. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्री खाली सोडत बसतो आणि एसी त्याच्याशी झुंजत राहतो. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते; म्हणजे भिंतींपेक्षा मोठा मार गच्चीला. वरच्या खोलीत झोपणारी आई मध्यरात्री उठून फरशीवर आडवी व्हायची. एकदा पाणी प्यायला उठलो, तेव्हा तिला तशी पाहिली आणि काम काढलं.

गच्चीपासूनच सुरुवात केली, आणि तिथेच आधी फसलो. ज्याला काम दिलं त्याने जुना डांबराचा थर तसाच ठेवून, ओल पुरती वाळायच्या आत वरून पांढरा रंग मारला. पहिल्याच पावसात त्याचे पापुद्रे निघाले, वरच्या खोलीच्या कोपऱ्यात पाणी उतरलं. पैसे गेले, पण त्याहून आईच्या खोलीत बादल्या ठेवाव्या लागल्या याचं दुःख झालं. दिवाळीनंतर दुसऱ्या गवंड्याकडून डांबर खरवडून काढलं, भेगा भरल्या, विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार धरून घातला आणि त्यावर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक केलं. कोबा उष्णता फारशी खाली झिरपू देत नाही, पांढरा तुकडा ऊन परत फेकतो. आता रात्री छताला हात लावला तर भिंतीइतकंच लागतं. तू काहीच करणार नसलास तरी एवढं तरी कर. फक्त गच्ची खडखडीत वाळू दे, आणि पाणी कुठे जातं ते आधी बघ.

खरी गंमत खिडक्यांची. आपल्याकडे दुपारचं ऊन येतं पश्चिमेकडून आणि खाडीवरून, समुद्रावरून वाराही येतो पश्चिमेकडूनच. खिडकी बंद केली तर वारा गेला, उघडी ठेवली तर ऊन आत. वीस वर्षांपूर्वी आम्ही हौसेने अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. त्या कितीही सरकवल्या तरी अर्धीच जागा उघडते. जुनी सागवानी तावदानं मात्र बाबांनी माळ्यावर जपून ठेवली होती. सुताराने ती खाली उतरवून रंधा मारला, तेव्हा पन्नास वर्षांच्या लाकडाला नव्यासारखा वास सुटला. आई बराच वेळ त्या भुश्शात हात घालून बसली होती. तावदानं पुन्हा लावली, वरचा तुटका छज्जा दोन फुटांचा करून घेतला आणि बाहेरच्या बाजूने बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे गुंडाळते पडदे, सोडले. बाहेरच्याच बाजूने हं! ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा उजेड अडवतो, उष्णता नाही. चिकेच्या फटींतून वारा मात्र येतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचा विचार काकूंच्या मनात आला तर तो नागपूरला ठीक. आपल्या दमट हवेत त्याने घाम वाढेल. दारांवरची हवा जायची जुनी झडपं आम्ही प्लायवूड ठोकून बुजवली होती, तीही मोकळी केली. वर चढणारी गरम हवा आता तिथून निघून जाते.

भिंतींबद्दल थोडक्यात सांगतो. जुनं बांधकाम चुन्यातलं असेल तर सिमेंटचा गिलावा करू नकोस. ओल आत कोंडते, लोणा लागतो, म्हणजे भिंतीतून खार फुटून गिलावा झडतो. आम्ही चुन्याचाच केला.

यंत्रं सगळ्यात शेवटी. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने नव्या इमारतींसाठी इको निवास संहिता काढली, तीही २०१८ साली आधी भिंती, छत आणि खिडक्यांपुरती. विजेच्या उपकरणांचा भाग २०२१ मध्ये आला. हाच क्रम मला पटतो. आमचे पाच जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे होते, आता बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे आहेत, साधारण ३० वॉटचे. बारा तास फिरले तर दिवसाला २.७ युनिट वाचतात. एसी एकच ठेवलाय, आईच्या खोलीत, २६ वर. तोही मेमध्येच लागतो.

गच्चीवर २ किलोवॉटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत, म्हणजे २०२४ मध्ये सुरू झाली ती, एवढ्याला ६०,००० रुपये अनुदान मिळतं. उन्हाळ्यात रोज आठ युनिटच्या आसपास होतात, पावसाळ्यात पार उतरतात. पण दक्षिणेला उंच इमारत आहे का, हे आधी बघ. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि एका पॅनेलवर पडलेली सावली जोडलेल्या सगळ्यांना खाली ओढते. शेजारच्या टॉवरमुळे आम्हाला दोन पॅनेलं पाण्याच्या टाकीच्या पलीकडे हलवावी लागली.

घर पाडायचंच म्हणशील तर तो तुझा हक्क आहे, मी आड येणार नाही. पण काकांनी घर बांधताना वापरलेली ती वीट, ते सिमेंट बनवताना जो धूर हवेत जायचा तो एकदा जाऊन चुकलाय. पाडून नवं बांधलंस की तो पुन्हा नव्याने काढावा लागेल. मला हे मनापासून लागतं.

येत्या रविवारी काकूंना घेऊन इकडे ये. दुपारी तीनला ये, संध्याकाळी नको. आईच्या खोलीत तासभर बस आणि मग सांग. आणि येताना तुमच्या पश्चिमेच्या खिडक्यांची मापं घेऊन ये. सुतार अजून मोकळा आहे.

तुझा,
दाद्या